माझ्या आतड्यांचे वकील

माझ्या आतड्यांचा माझ्या चुलत सासऱ्यांना जेवढा अभिमान होता, तेवढा स्वतःच्या बैलजोडीचाही नव्हता. बैलजोडी खरं तर चांगली होती. आतड्यांबद्दल तसं म्हणवत नाही. मी पौडला शाळामास्तर, तिशी नुकती उलटलेली, आणि पोटात कळा. दिवसातून दहा-दहा वेळा परसाकडे. वजन इतकं उतरलं की वाऱ्याच्या दिवशी मुलं माझ्याकडे काळजीनं बघत. दीड वर्ष पोटाचा क्षय म्हणून औषधं खाल्ली. शेवटी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पांढरं औषध पाजून फोटो काढले, आतला तुकडा तपासला आणि सांगितलं, हा क्षय नव्हे, क्रोन्स नावाचा आजार आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण जन्मभर सोबत राहतो. कधी निजेल, कधी उठेल. मी घरी येऊन सगळं सांगितलं. पण गावाच्या कानात दीड वर्षाचा क्षय बसला होता, तो काही निघेना.

पोटाचा फोटो चुलत सासऱ्यांनी ताब्यात घेतला. उन्हाकडे धरून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत, "ह्यो वढा. हितं काठ सुजल्यात, वाट झालीया बारीक. आता ह्यात कच्चा मुळा लोटला तर काय व्हईल?" त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्यांना माझं लहान आतडं पाठ झालं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की पाण्याचा तांब्या घेण्याआधीच ते गरजत, "संडास कुटं हाय, ते आदी दावा!" त्या काळी संडास मोजक्याच घरी, नसला तर ओढ्याकडची आडोशाची वाट विचारून ठेवत. स्वतः कधी जात नसत. नाजूक पोटाचा माणूस म्हणून त्यांची ख्याती झाली, ती त्यांनी कधी खोडली नाही. शिवाय पंगतीत माझ्या शेजारी बसून आग्रहाची सगळी भजी नि उसळ स्वतःच्या पानात वळवून घेत. हा नाजूक पोटाचा माणूस एवढं खातो कसा, हे कोडं तालुक्याला सुटलं नाही.

जरा बरं वाटताच मी अति शहाणपणानं गोळ्या सोडल्या आणि महिन्यात पुन्हा आडवा झालो. ते उशाशी येऊन बसले. "रोप तरारलं म्हनून पानी तोडत्यात व्हय, मास्तर?" एरवी मी जावईबापू; रागावले की मास्तर. तेव्हापासून पौडला आले की ते वर्गाच्या खिडकीतून ओरडत, "गोळी झाली का?" माझ्या आधी अख्खी चौथी एका सुरात सांगे, "झाली!"

धाकट्या बहिणीचा साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर आमच्या अंगणात झाला. पंगत बसली. मुलाच्या चुलत्यांनी माझ्या पानातला मऊ भात नि मुगाचं वरण पाहिलं आणि हात आखडला. "ह्यांना क्षय हाय म्हनं. पोरगीबी ह्याच घरात ऱ्हातीया. आदी सांगाया पायजे व्हतं."

वाढपी जागच्या जागी थांबले. बहीण दाराआड होती. तिची पावलं तेवढी दिसत होती. मी तोंड उघडलं, पण आजाऱ्याची साक्ष कोण धरणार? तेवढ्यात शेजारून एक हात आला. चुलत सासऱ्यांनी माझ्या पत्रावळीतला, मी चिवडलेला भात उचलला, घास केला आणि खाल्ला. मग दुसरा. सासऱ्यानं जावयाचं उष्टं खाल्लेलं आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. "आन् पाव्हणं, क्षय असता तर म्या खाल्लं असतं व्हय? निम्मं भात झोडायचं ऱ्हायलंय माझं."

कुणीतरी हसलं. मुलाचे चुलते आपली पत्रावळ पुढं सारत म्हणाले, "वाढा की. वरान वाढा हिकडं."

पाहुणे गेल्यावर चुलत सासऱ्यांनी मला गोठ्यामागं नेलं. "जावईबापू, लागत न्हाई म्हनला व्हता ना डाक्तर? नक्की?"

"अहो मामा, मग आधी विचारायचं!"

"आदी कवा? तितं पोरीचं मोडत व्हतं."

ते गेले त्याला आता तीन पावसाळे झाले. बहिणीची मुलं शाळेत जातात. परवा चुलत सासूबाईंनी सांगितलं, त्या साखरपुड्यानंतर महिनाभर ते रोज सकाळी दंडाला सुतळी गुंडाळून आपण वाळतोय का ते बघत. त्याच महिन्यात ते दोनदा आमच्याकडे जेवायला आले होते, आणि दोन्ही वेळा माझ्याच शेजारी बसले होते.