मागच्या बोळाची पाटी

“कोणाकडे जायचंय? नुसतं आडनाव सांगा, जिना मी सांगतो,” असं म्हणत ते अनोळखी माणसाचं कोपर धरायचे. समोरच्याला वाट ठाऊक असली तरी सुटका नसे. अशी वाट सांगायची हौस असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण त्या हौसेपायी स्वतःच्या पगारातून पत्रा आणि रंग विकत आणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. गिरगावातल्या एका शाळेत ते ड्रॉइंग शिकवत आणि आमच्या वाडीत दुसऱ्या माळ्यावर राहत. मी पहिल्या माळ्यावर. जवळच्याच एका सूतिकागृहात मी नर्स होते. तिथे बाळंतिणीसाठी डबा घेऊन निघालेले नातेवाईक या वाडीतून त्या वाडीत भटकत राहायचे आणि पोचेपर्यंत शिऱ्याचा दगड झालेला असायचा. हे मी एकदा मास्तरांपाशी सहज बोलले. पुढच्याच रविवारी नाक्यावर पत्र्याची पाटी लागली. पाटीवर पाळणा आणि पाळण्याकडे बोट दाखवणारा एक हात.

“अक्षरं का नाही लिहिली?” मी विचारलं.

“नर्सबाई, ज्याला वाचता येतं तो विचारूनही पोचतो. बोटीतून उतरून डोक्यावर बोचकं घेऊन येणारी बाई कोणाला विचारणार? ती आधीच घाबरलेली असते.”

मास्तर स्वतः कोकणातून पहिल्यांदा मुंबईला आले, तेव्हा सकाळी बोटीतून उतरले आणि मामाची खोली सापडायला संध्याकाळ झाली. मधल्या वेळात हा मुलगा एका लग्नाच्या पंगतीत बसून जेवूनही आला होता. हा किस्सा ते इतका रंगवून सांगत, की ऐकणारा हसत सुटे. मग हळूच म्हणत, “पण रडलो होतो हो.”

पाळण्याची पाटी बघून शेजारच्या वाड्यांनीही मागणी केली. कुणासाठी विहीर, कुणासाठी घंटा, पिठाच्या गिरणीसाठी जातं. प्रत्येक पाटीवर तोच हात. तो हात काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा होता. हातात पळी घेऊन काकू कितीतरी वेळ मोरीकडे बोट दाखवत उभ्या राहिल्या होत्या, आणि बांगड्यांसकट तो हात मास्तरांनी उतरवून घेतला होता. “अख्खं गिरगाव मास्तरांच्या बायकोच्या इशाऱ्यावर चालतंय,” अशी थट्टा व्हायची. काकू लटक्या रागाने म्हणायच्या, “माका इचारल्यान तरी काय?”

आमच्या वाडीला मागून एक बोळ होता. दोन चाळींच्या भिंतींमधून जाणारा, एका माणसापुरता. तो चर्नी रोड स्टेशनच्या बाजूला निघायचा. मास्तरांनी त्या बोळालाही पाट्या लावल्या. आतल्या तोंडाशी आगगाडी काढून स्टेशनकडची वाट दाखवणारी आणि बाहेरच्या तोंडाशी वाडीत येणारी. वाडीच्या मंडळाचे अण्णा तेव्हाच कुरकुरले होते. “मास्तर, मागच्या वाटेला कसली पाटी? ती आपली आपल्याला माहीत आहे, बस झालं.”

“जी वाट कोणाला सांगायची नाही ती वाट कसली, अण्णा?” मास्तर म्हणाले. अण्णांनी हात झटकले आणि पाट्या राहिल्या.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. सगळं गिरगाव पेटलं होतं. शाळा कधी चालू, कधी बंद. मास्तर मोर्च्यांच्या फलकांवर अक्षरं काढून देत. त्यांचा आवाज बारीक, घोषणेला उपयोगाचा नाही, पण त्यांचं अक्षर लांबूनही वाचता येई. आमच्या बाजूच्या खोलीतल्या सावंतीणबाईंचा वसंत ते फलक घेऊन पुढे असायचा. गिरणीत कारकून होता. नुकतंच लग्न झालेलं.

त्या दुपारी मोठ्या रस्त्यावर लाठ्या चालल्या. पोरं वाट फुटेल तिकडे पळाली. बरीच आमच्या वाडीत शिरली, ओळखीची, बिनओळखीची. पुढच्या दाराने पोलीस आले तशी सगळी मागच्या बोळाकडे धावली. पहिली काही पोरं निसटली. तेवढ्यात बोळाच्या बाहेरच्या तोंडानेही पोलीस आत आले. मध्ये सापडलेल्यांना हलायला जागा नव्हती. वसंत त्यांच्यातच होता. मी गॅलरीत होते, मला दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ते ऐकलेलं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

वसंत परत आला तो उजवा पाय मोडून. हाड वाकडंच जुळलं.

दुसऱ्या दिवशी चौकात माणसं जमली. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, “बाहेर हात काढून ठेवलाय, या म्हणून. आमंत्रणच दिलं की पोलिसांना!” पोलिसांना तो बोळ पाटीमुळे कळला की आधीपासूनच ठाऊक होता, हे अण्णांना माहीत नव्हतं, मला नव्हतं, कोणालाच नव्हतं. मी तसं बोलायला तोंड उघडलं, पण मास्तरांनी मला हातानेच थांबवलं. ते वर गेले आणि डांबराचा डबा घेऊन खाली आले. आधी बोळाच्या दोन्ही पाट्या डांबराने काळ्या केल्या. मग वाडीतल्या. मग नाक्यावरचा पाळणा. दुपारपर्यंत एकही हात राहिला नाही. आपल्याच हाताने काढलेली चित्रं हा माणूस आपल्याच हाताने पुसत होता आणि आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. मला सगळ्या वाडीचा संताप आला होता.

त्या वर्षी सावंतीणबाईंनी काकूंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. काकू दारात उभ्या राहून इतर बायका जाताना बघत होत्या.

त्यानंतर मास्तर बदलले. एकदा बोचकं आणि पोर घेऊन एक बाई वाडीच्या तोंडाशी उभी होती. मास्तर शाळेतून येत होते. तिने विचारलं, “दादा, हळदणकरांची खोली खंय?” हळदणकर मास्तरांच्याच माळ्यावर राहायचे.

“मला ठाऊक नाही,” म्हणून ते जिना चढून गेले.

मी तिला पोचवलं आणि तडक मास्तरांकडे गेले. “असं काय केलंत? बिचारी उन्हात उभी होती.”

“नर्सबाई,” ते म्हणाले, “आपण दाखवलेल्या वाटेने कोण येईल ते आपल्याला कुठे कळतं?”

कितीही बाळंतपणं केली तरी अशा प्रश्नाला औषध नसतं.

पुढे महाराष्ट्राचं राज्य झालं. वाडीत तोरणं लागली, पेढे वाटले गेले. अण्णा स्वतः नवे कोरे पत्रे घेऊन मास्तरांकडे आले. “मास्तर, झालं गेलं विसरा. आता राज्य आपलं. पाट्या परत काढा.”

“वसंताला विचारा,” मास्तर म्हणाले.

वसंत लंगडत जिना चढून आला. “मास्तर, काढा हो. मी कधी तुमचं नाव घेतलंय का?” तो खरंच कधी काही बोलला नव्हता. मास्तरांनी मान हलवली, ब्रश घेतला. वाडीचं नाव झकास काढलं. हात मात्र काढेनात. अण्णांनी गळ घातली तेव्हा म्हणाले, “आता जमत नाही.” त्यानंतर दोन-तीन वर्षांत ते गेले. आधी छातीचं दुखणं, मग एका सकाळी चहाचा कप तसाच राहिला.

पुढच्याच उन्हाळ्यात एक माणूस वाडीत आला. लालबागचा, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. कडेवर लहान मुलगी. “इथे ते हात रंगवणारे मास्तर राहायचे ना?” त्याने मला विचारलं. कशाला हवेत म्हटल्यावर तो सांगू लागला. “बाई, त्या दिवशी मोर्च्याला मी लालबागवरनं आलो होतो. गिरगाव आपल्याला काय माहीत? मागे पोलीस, पुढे भिंत. म्हटलं, मेलो. तेवढ्यात तो हात दिसला, आगगाडीकडे बोट दाखवणारा. घुसलो बोळात. आम्ही पाचसहा जण होतो, स्टेशनवर निघालो. मागून आरडाओरडा ऐकला, पण वळून नाही बघितलं. माझ्याबरोबरच्या एकाच्या डोक्यातनं रक्त जात होतं. तो आज दोन पोरांचा बाप आहे. म्हटलं, मास्तरांना एकदा भेटावं. आज येऊ, उद्या येऊ, राहूनच गेलं.”

राहूनच गेलं! मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याचे हात धरावेसे वाटले. यातलं मी काहीच केलं नाही. त्याला दुसऱ्या माळ्यावर काकूंकडे घेऊन गेले.

काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. त्याचं सांगून झालं तेव्हा काकूंनी सूप बाजूला ठेवलं, त्याच्या मुलीला जवळ घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

“तू आदी कित्याक नाय इलंस रे, झिला?” त्या म्हणाल्या. “आता ह्यां कोणाक सांगतलंस?”