साकव न बांधलेलं वर्ष

मी गाव सोडलं तेव्हा माझी ट्रंक बाळूदादाच्या डोक्यावर होती. आमच्या वरच्या वाडीतून एस.टी.च्या थांब्यावर जायचं तर मधला वहाळ ओलांडावा लागे. पावसाळ्यात त्यावर साकव असे. पोफळीचे सोट, वर बांबूच्या काठ्या, हाताला धरायला एक आडवा वासा, आणि सगळं काथ्याने आवळून बांधलेलं. बाळूदादा, माझा थोरला चुलतभाऊ, एका हाताने ट्रंक सावरत पुढे चालला होता. मागे मी, नवे बूट घालून. मध्यावर आलो आणि काठावर उभ्या असलेल्या आईकडे वळून बघायला लागलो, तसे माझ्यामागून येणारे अण्णा म्हणाले, "मागे बघू नको. पायाखाली बघ."

वडिलांनी निरोपाचं दुसरं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. अण्णा गावच्या शाळेत मास्तर होते आणि वर्गाबाहेर फारसे बोलत नसत. खाली पाणी तांबडं आणि जाड दिसत होतं. त्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

हे मी इंग्लंडमधल्या मेडनहेडमधून लिहितोय. गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे मुंबईला, दुबईला, आणखी कुठे कुठे गेले त्यांच्यासाठीही. बारा वर्षं एक गोष्ट मी दाबून ठेवली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे साकव दरवर्षी नव्याने बांधायचा असे. मृग लागायच्या आधी एक दिवस ठरे आणि प्रत्येक घरातून एक माणूस येई. हजेरी कुणी घेत नसे, पण कुठल्या घरातला माणूस आला नाही हे वर्षभर सगळ्यांच्या लक्षात राही. आमच्या घरातून आधी मी जायचो. मी इकडे आल्यावर अण्णा जायला लागले, साठीच्या पुढच्या वयात.

इकडे मी कौन्सिलच्या हायवेज डिपार्टमेंटमध्ये ड्रॉइंग ऑफिसला लागलो. आमच्या घरामागच्या ओढ्यावर एक छोटा फूटब्रिज आहे. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याची एक फळी सैल झाली. शेजारच्या डोरिसबाईंनी कौन्सिलला फोन केला. गुरुवारी व्हॅनमधून दोन माणसं आली, त्यांनी फ्लास्कमधला चहा घेतला, फळी बदलली आणि गैरसोयीबद्दल क्षमा मागणारी पाटी लावून गेली. मी थक्क होऊन डोरिसबाईंना तसं बोललो, तर त्या म्हणाल्या, "आय पे माय रेट्स, डिअर." म्हणजे, घरपट्टी भरते मी. आभार वगैरे मानायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मला ते फार आवडलं. नागरिक म्हणजे असा, असं मला वाटलं.

त्याच सुमारास अण्णांचं पत्र आलं. खांदा दुखतो, असं त्यांनी लिहिलं होतं. पण साकवाला आपल्या घरातला माणूस गेला पाहिजे, तेव्हा जाईन.

ते वाक्य मला लागलं. अण्णांनी ते टोचायला लिहिलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी लागलं. मी एअरोग्राम घेतला आणि निळ्या कागदाचा कोपरान् कोपरा बारीक अक्षराने भरून काढला. तुम्ही दरवर्षी फुकट साकव बांधता म्हणूनच सरकार पूल बांधत नाही. पूल देणं हे सरकारचं काम आहे, तुमचं नाही. एक वर्ष बांधू नका. तहसीलदाराकडे अर्ज द्या, अडून बसा, मग बघा. इकडे लोक असंच करतात.

अण्णांचं उत्तर मला पाठ आहे. "हक्क आहे हे खरं. पण पाणी अर्ज वाचत नाही."

मी त्याहून कडक पत्र लिहिलं. तुमच्यासारख्या सोशिक माणसांनीच देश मागे ठेवला आहे, असं लिहिलं. स्वतःच्या वडिलांना, चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला, मी हे सेंट्रल हीटिंगच्या उबेत बसून लिहिलं. आणि आता खरं सांगतो. पूल झाला पाहिजे हे मला वाटत होतंच. पण साकवच बांधला नाही, तर आमच्या घरातला माणूस कुठे आहे हा प्रश्नही उरणार नव्हता. मला तो प्रश्न नको होता.

त्या वर्षी साकव बांधला नाही. अण्णांनी देवळातल्या बैठकीत उठून सांगितलं की यंदा आपण साकव बांधायचा नाही, सरकारकडे पूल मागायचा. हे आईने मला कळवलं. माझं नाव त्यांनी काढलं नव्हतं. माझं बोलणं त्यांनी स्वतःचं म्हणून सांगितलं. काही म्हातारे कुरकुरले, पण मास्तरांपुढे कोण बोलणार? अर्ज गेला. काम आराखड्यात आहे, असं तोंडी उत्तर मिळालं. मृग आला. वहाळाला पाणी आलं. लोक दोर बांधून, तो धरून, पाणी उतरेल तेव्हा ये-जा करायला लागले.

मी लिहिलं, पाठपुरावा करा, स्मरणपत्र द्या.

स्मरणपत्र घेऊन बाळूदादा निघाला. पाणी कमरेपर्यंत होतं असं म्हणतात. वरच्या रानात मोठा पाऊस झाला असणार, कारण तो मध्यावर असताना लोंढा आला. दोर धरलेला हात कधी सुटला ते काठावरच्यांना दिसलंही नाही. दोन दिवसांनी तो खाडीच्या तोंडाशी सापडला. स्मरणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत बांधलं होतं. त्यातला कागद कोरडा होता.

हे सगळं आईने लिहिलं. अण्णांनी खाली एकच ओळ लिहिली होती, "साकवाचा विषय आता घरात कुणी काढत नाही. तूही काढू नको."

मी काढला नाही. मंदावहिनीला, म्हणजे बाळूदादाच्या बायकोला, चार ओळींचं पत्र लिहिलं. फार वाईट झालं, धीर धर, असल्या ओळी.

त्यानंतर पूल झाला. हे मी टाळू शकत नाही. पेपरात बातमी आली, साहेब लोक जीपने आले, आणि दोन वर्षांत पक्का पूल उभा राहिला. म्हणजे माझं म्हणणं चूक नव्हतं. या एका गोष्टीने मला सगळ्यांत जास्त छळलं आहे. चुकलो असतो तर रडून मोकळा झालो असतो.

गाव मात्र अण्णांना विसरलं नाही. मास्तरांच्या हट्टापायी बाळू गेला, असं लोक म्हणत. पुढे तोंडावरही म्हणायला लागले. गणपतीला आमच्याकडे आरतीला येणं कमी झालं. अण्णा गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचलो. तिरडीला खालच्या वाडीतून चारच माणसं आली होती, असं आईने सांगितलं. त्या पुलावरूनच मी घरी गेलो होतो, टॅक्सीने, पाय ओले न करता. तेराव्याला देवळाच्या पायरीवर माणसं बसली होती. तिथे मला बोलता आलं असतं. मी चहा घेतला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

माझी मुलगी इकडेच जन्मली. तिला एकदा मी ही हकिकत सांगितली, माझा भाग वगळून. ती म्हणाली, "पण बाबा, कोणी कौन्सिलला फोन का नाही केली?" मी हसलो. मग उठून बागेत गेलो.

गेल्या हिवाळ्यात आईला भेटायला आलो होतो. पुलाखाली उतरलो. सवयच आहे, पूल दिसला की खाली जाऊन बघतो. मधल्या खांबाच्या बुडाला माती राहिलेली नाही. स्लॅबचं सिमेंट सुटून गंजलेल्या सळया बाहेर आल्यात. हात लावला तर पापुद्रे हातात आले. वर येऊन विचारलं, तर सगळे म्हणाले, अर्ज दिलाय. साकवाचं विचारलं, तर आता ती काथ्याची गाठ कुणाला येते, असं म्हणून हसले.

मग मी मंदावहिनीकडे गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. ते बोलणं अण्णांचं नव्हतं, माझं होतं, असं म्हणालो. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"ठाऊक आहे, भावोजी," ती म्हणाली. "तुमचं अक्षर बारीक. अण्णांना मोतीबिंदू होता. तुमची पत्रं हेच वाचून दाखवायचे त्यांना. ते पत्र वाचून हे खूश झाले होते. म्हणाले, आपला माणूस तिकडे जाऊनसुद्धा आपला विचार करतोय."

मी खाली बसलो. इतकी वर्षं गप्प का राहिलीस, असं विचारलं.

"अण्णांनी शपथ घातली होती. म्हणाले, मला काय, मी इथेच मरायचाय. त्याला परत यायला गाव राहू दे." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "पण तुम्ही सांगाल म्हणून मी दर खेपेला वाट बघायची. तुम्ही यायचात, बिस्किटं देऊन जायचात."

घर म्हणजे काय, असं इकडच्या मराठी मंडळात कुणी विचारलं की लोक आंब्याचं, समुद्राचं बोलतात. मला बोलता येत नाही. माझं घर अण्णांनी स्वतःचं गाव देऊन राखलं, आणि मी त्यात पाहुण्यासारखा जाऊन येत राहिलो.

जिल्हा परिषदेला मी खांबाचं मोजमाप, फोटो आणि ड्रॉइंग पाठवलं आहे. पाठवत राहीन, कारण पूल देणं हे सरकारचंच काम आहे. पण मृगाला आता सात आठवडे उरलेत, आणि तो खांब यंदाचा पावसाळा काढेल असं मला वाटत नाही. त्यावरून शाळेची मुलं जातात. मुलांना पुलावरून सोडू नका. पुलाच्या वरच्या अंगाला, जुन्या जागी, साकव बांधा. खालच्या वाडीतल्या सदूकाकांचे हात थरथरतात, पण गाठ त्यांना आठवते, मी विचारून आलोय.

हे पत्र देवळात, अण्णा उभे राहिले होते तिथे उभं राहून, कुणीतरी मोठ्याने वाचा. या वेळी अक्षर मोठं काढलं आहे. ऐकल्यावर मला काय म्हणायचं ते म्हणा. दिवस ठरवून कळवा. आमच्या घरातला माणूस येईल.