नत्थुजीचा उजवा हात

नत्थुजीचा उजवा हात भारी होता. प्रेमाने थाप मारली तरी बैल दोन पावलं पुढे सरकून मागे वळून बघायचा. बोलण्याचंही तसंच. त्याने एकदा तोंड उघडलं की समोरच्याने नुसती मान हलवायची. बायको पार्वताबाई "आयका ना, मले..." एवढं म्हणायची, आणि पुढचं सगळं नत्थुजीच बोलून टाकायचा. असा संसार वीस वर्षं चालला होता.

अशा माणसाला बीन वाजवायची हौस यावी, हा सगळा कापसाचा प्रताप. त्या सालात विलायतेच्या गिरण्या कापसासाठी वऱ्हाडाच्या तोंडाकडे बघून होत्या, भाव कडाडला होता, आणि पातूरकडचा कास्तकार अकोल्याच्या बाजारातून परतताना जरीचा फेटा नाहीतर चांदीच्या मुठीची काठी घेऊन यायचा. नत्थुजी अकोल्याच्या जुन्या शहरात एका अडत्याकडे लग्नाला गेला. तिथे एका म्हाताऱ्या खाँसाहेबांची बट्टाबीन ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. महिन्याभरात तसलीच बीन गाडीत घालून स्वारी घरी हजर.

ही बीन जमिनीवर आडवी ठेवायची. डाव्या हातात काचेचा गोळा धरून तो तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. खाँसाहेब दर बाजारी शिकवायला कबूल झाले, आणि पुढे त्यांना त्याचा फार पश्चात्ताप झाला.

डावा हात लवकर बसला. घोटाळा उजव्याचा. नत्थुजी तार छेडायचाच नाही, बोंडातून कापूस ओढावा तशी ओढायचा. ओढलेली तार मग झणझणत राहायची. तेवढ्यात हा दुसरी ओढायचा, मग तिसरी, आणि सगळे सूर एकमेकांच्या झिंज्या धरायचे. अखेर सगळ्या आळीने कानात बोळे घातले. बाजारात ज्याच्यासाठी व्यापारी पाया पडत होते, तो कापूस त्या गावात कानात कोंबला जात होता.

दिवाळीत पार्वताबाई भाऊबिजेला माहेरी, मोर्शीला गेली, ती परत आलीच नाही. तिकडून आलेल्या गाडीवानाने निरोप सांगितला, "बाई म्हन्ते, तो आवाज थांबला का येईन."

नत्थुजी आधी हसला. मग शेतावर गेला आणि त्याचं हसू मावळलं. बोंडं फुटून शेत पांढरंधोट झालं होतं, पण पहिल्या वेच्याआधी सीतादही करायचं असतं. घरधनिणीने शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मगच वेचणी. त्याशिवाय एक बाई बोंडाला शिवणार नाही. वेचणाऱ्या बायांची म्होरकी गोदाबाई बांधावर उभी होती.

"भाऊजी, मालकीन नाही त सीतादही नाही. मंग आमी काहून हात लावाव?"

नत्थुजीने तिला अर्धी घटका समजावलं. तिच्या कानात बोळे होते, त्यामुळे ते सगळं वाया गेलं.

बीन विकायला त्याचा जीव होईना. आवाज थांबवायचा ना, मग थांबवू, असं म्हणून त्याने चांगला ओंजळभर कापूस तारांखाली ठासला आणि बीन घेऊन अकोला गाठलं. खाँसाहेबांपुढे छेडलं तर नुसतं थप्प, थप्प.

"ये बीन है या रजाई?" खाँसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी तो कापूस एकेक चिमूट करून उपसला आणि नत्थुजीचा हात मनगटाशी धरला. "बजाना बहुत हो गया. अब रोकना सीखो."

तार हलकेच छेडायची, आणि लगेच तळहाताची करंगळीकडची कड तारांवर अलगद टेकवायची. पहिला सूर पुरता निजला की मगच दुसरा. आठ दिवस दुसरं काही वाजवायचं नाही. ऐकायला सोपं, पण नत्थुजीला घाम फुटला. हात टेकला की उठायला शिवशिवायचा, तोंडही त्याच्या मागोमाग उघडायचं. कापूस झाडावरून मातीत गळत होता आणि हा माणूस खाँसाहेबांच्या ओसरीवर गप्प बसायला शिकत होता. नवव्या दिवशी त्याने थेट मोर्शीची वाट धरली.

सासरे खुशालराव ओसरीवरच होते. गाडीतून बीन उतरताना पाहून म्हणाले, "जवाई, हे कायले आनलं?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी कानात बोटं घातली.

पार्वताबाई दाराशी येऊन उभी राहिली. नत्थुजीने एक तार छेडली आणि हात टेकवला. मग दुसरी, आणि पुन्हा हात. दोन सुरांच्या मध्ये गोठ्यातल्या म्हाताऱ्या गाईचं रवंथ ऐकू येत होतं. खुशालरावांनी एका कानातलं बोट काढलं, मग दुसऱ्यातलं.

"आयका ना," पार्वताबाई म्हणाली, "मले..."

सवयीने नत्थुजीचं तोंड उघडलं. पण तळहात तारांवर होता. तो त्याने तसाच दाबून धरला आणि तोंड मिटलं.

पार्वताबाई थोडी गडबडलीच. पुढचं बोलायची तिला सवय नव्हती.

"मले बीनचा राग नाही," ती सावकाश म्हणाली. "माय बिमार होती तवा मी तुमाले म्हनत होती, मले मोर्शीले जाऊ द्या. तुमी नव्या बैलाचं सांगत बसले. दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या दिवशी माय गेल्याचा निरोप आला."

नत्थुजीला ते दिवस आठवले, बैलाचा रंगसुद्धा आठवला. ती काही म्हणत होती, हे मात्र आठवेना. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला, आणि पुढे काहीच बोलला नाही.

पार्वताबाईने पदराने डोळे पुसले आणि उंबऱ्यावर बैठक मारली.

"उद्या सकाळी गाडी जुंपा. सीतादही कराले येतो मी," ती म्हणाली. "आज मले अजून बोलाचं हाय."

गाई रानातून परतल्या तरी ती बोलत होती, आणि नत्थुजीने तारांवरचा हात उचलला नव्हता.