‘क्वचित’वर बोट ठेव

छ्यू यानफिंगबाईंच्या माथी दोनशे चौदा मुलं होती. चीनमधल्या लुओयांगच्या एका विद्यापीठात त्या पहिल्या वर्षाच्या मार्गदर्शक. हजेरी, वसतिगृहातली भांडणं, हरवलेली ओळखपत्रं आणि अलीकडे मुलांची मनंसुद्धा त्यांनीच सांभाळायची. शिकवणं सोडून सगळं बाई करत.

दर ऑक्टोबरात मुलांच्या मोबाईलवर नव्वद प्रश्न येत. उत्तरं पाहून समुपदेशन कक्ष तीन श्रेण्या पाडी. तिसरी म्हणजे ठीकठाक, तिला कुणी विचारत नसे. दुसरीतल्यांना दर आठवड्याला समुपदेशकापाशी तासभर बसायला मिळे. पहिलीतल्यांच्या आईवडिलांना बोलावणं जाई, सही घेतली जाई आणि मुलाची घरी रवानगी होई.

गेल्या वर्षी फेई लू नावाच्या मुलीनं खरीखुरी उत्तरं दिली, पहिल्या श्रेणीत गेली, घरी गेली ती परत आलीच नाही. तिची गादी बाईंनीच गुंडाळून पार्सलनं पाठवली. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला. शिवाय ज्याच्या मुलांतली पहिल्या दोन श्रेण्यांत नावं कमी, त्या मार्गदर्शकाचं बैठकीत कौतुक व्हायचं. बाई वर्गाला उत्तरांवरच्या खुणा जपून करायला शिकवू लागल्या आणि त्याला माया म्हणू लागल्या. निम्मी माया होतीही. उरलेली निम्मी स्वतःची कातडी वाचवायची धडपड होती.

“मोबाईल हातात आला म्हणून मन मोकळं करायला निघू नका,” यंदाही त्यांनी बजावलं. मुलं हसली.

जी वानथिंग तेवढी मागे थांबली. शिनयांगकडची, कमी बोलणारी मुलगी.

“बाई, ‘झोप लागत नाही’ला ‘बऱ्याचदा’ लिहू?”

“कधीपासून?”

“इथं आल्यापासून.”

“आणि रडू येतं का?”

“तेही बऱ्याचदाच.”

“दोन्हीकडे ‘क्वचित’वर बोट ठेव.”

“पण ते खोटं होईल ना?”

“अगं, बाबांना नूडल्सची गाडी बंद करून इथं धावत यायला लावायचंय का? काही वाटलं तर माझ्याकडे ये. मी आहे ना.”

वानथिंगनं बोट ठेवलं. मुलगी आज्ञाधारक होती, तिथंच घात झाला.

ती दोनदा आली. पहिल्यांदा बाई खोल्यांमधल्या विजेच्या शेगड्या जप्त करत हिंडत होत्या. दुसऱ्यांदा बैठक होती. “उद्या ये गं,” बाई दोन्ही वेळा म्हणाल्या. मग ती आपणहून समुपदेशन कक्षात गेली. खिडकीवरच्या बाईनं पडद्यावर पाहिलं. “तुझी तिसरी श्रेणी. तुला गुरुवारी कुंड्या रंगवायचा वर्ग आहे.” वानथिंगनं गुरुवारी जाऊन कुंडी रंगवली.

नोव्हेंबर सरता सरता तिच्या खोलीतली मुलगी बाईंना हाताला धरून घेऊन गेली. वानथिंग भिंतीकडे तोंड करून पडली होती. चार दिवस तेच जाकीट अंगात, पोटात अन्न नाही. बाईंनी हाक मारली तर “ठीक आहे” एवढंच म्हणाली.

समुपदेशक शाओ तिच्याशी तासभर बोलून बाहेर आले.

“पहिली श्रेणी. वडिलांना फोन लावा.”

“दुसरीत नाही का बसवता येणार? दर आठवड्याला मी स्वतः तिला घेऊन येईन.”

“ऑक्टोबरात दुसरीतच बसली असती. आता तेवढ्यानं भागणार नाही.” शाओंनी तिची उत्तरं उघडली. “ही दोन उत्तरं खरी दिली असती, तर त्याच आठवड्यात माझ्याकडे आली असती. शहाणी मुलगी आहे, असं का केलं असेल हो?”

बाई आपल्या जाकिटाची चेन वरखाली करत राहिल्या. ‘माझ्यामुळे’ एवढंच म्हणायचं होतं, तेही त्यांच्यानं म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आले. कपड्यांना मटणाच्या रश्श्याचा वास, बोटं भाजलेली. कागदावरची बारीक अक्षरं त्यांना दिसेनात. “कुठं करू?” असं विचारत त्यांनी दाखवाल तिथं सह्या केल्या. लेकीची पिशवी खांद्याला लावून ते फाटकापाशी थांबले आणि बाईंचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

“फार कष्ट घेतलेत तुम्ही. पोरगी सांगत होती, मला घरी पाठवायला लागू नये म्हणून बाईंनी फार जपलं.”

वानथिंग शेजारीच उभी होती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

“आमचं कामच आहे ते,” बाई म्हणाल्या.

वानथिंगनं मान खाली घातली आणि जाऊन टॅक्सीत बसली.