दातांचा चिमटा

अमरदीप डॉक्टरची एक खोड सगळ्या खटकचिंचोळीला ठाऊक होती. जनावरासाठी काढलेली हत्यारं उकळायला टाकायच्या आधी तो ती स्वतःच्या हातावर लावून बघायचा. सुरी नव्हे, तेवढा शहाणपणा त्याच्याकडे होता. पण चिमटे मात्र एकेक करून डाव्या मनगटाच्या वर टेकवायचे, दाबायचे, तोंड वाकडं करायचं आणि मग कुठला घ्यायचा ते ठरवायचं.

पशु दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हैस नाहीतर शेळी घेऊन बसलेली मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसत. "बघ, बघ, डॉक्टर सोताला चावून घ्यायलाय." हसत, पण त्या हसण्यात माया होती. हलक्या हाताचा डॉक्टर म्हणून त्याचं नाव हळ्ळीखेडपर्यंत गेलं होतं. आणि गाव तर त्याचंच. त्याची आई शोभाबाई याच गावच्या रानातून खुरपायला जायची, आणि आता त्याच रानांचे मालक गाय आजारी पडली की तिच्या मुलाच्या दारात येऊन उभे राहायचे. शोभाबाई हे कुणाला बोलून दाखवत नसे. फक्त कुणी आलं की आतून जरा मोठ्यानं विचारायची, "कोन हाय? डॉक्टरकडं आलाव काय?"

तर चिमट्यांची गोष्ट. जखम शिवताना कातडीची कड उचलून धरायला चिमटा लागतो, आणि त्याचे मुख्य प्रकार दोन. एकाच्या टोकाला एका बाजूला एक बारीक दात असतो आणि दुसऱ्या बाजूला दोन. चिमटा मिटला की ते एकमेकांत जाऊन बसतात. दुसऱ्याला दात नसतात, आतून नुसत्या आडव्या रेघा. बिदरला शिकत असताना सरांनी सांगितलं होतं, कातडीला दातांचा, आतड्याला बिनदातांचा. अमरदीपनं ते परीक्षेत बिनचूक लिहिलं आणि मार्कही मिळवले. पण मन कुठं परीक्षा देतं? मनगटावर लावला की दातांचा चिमटा लाल मुंगीसारखा डसायचा, बिनदातांचा नुसता दाबायचा. मुक्या जनावराला दात कामून लावायचे, असं म्हणून त्यानं दातांचे चिमटे खालच्या ड्रॉवरमध्ये टाकले ते टाकलेच. शेळीची, वासराची कातडी पातळ. त्यात निभावून गेलं. निभावून गेलं की माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं.

वैशाखात एका दुपारी वावटळ सुटली आणि अंकुशरावांच्या गोठ्याचा पत्रा उडून शेवऱ्याच्या मानेवर आला.

अंकुशराव म्हणजे गावातले जुने शेतकरी, आणि शेवऱ्या त्यांचा देवणी बैल, पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे असलेला. नांगरटीला ट्रॅक्टर आला तरी कोळपणीला अंकुशरावांना बैलच लागत. "ट्रॅक्टरला ओळ दिसती, बैलाला रोप दिसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून ऐकून त्यांच्या बायकोचे, नागूबाईचे, कान किटले होते. जखम नेमकी वशिंडाच्या पुढं, जू बसतं तिथंच झाली. बैलाचं बाकी सगळं धडधाकट असलं तरी तिथली जखम नीट मिळाली नाही, गाठ धरली, जाड वण राहिला, तर जू त्याला बोचतं. मग तो मान देत नाही. आणि मान न देणाऱ्या बैलाचं पुढं काय होतं ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

अमरदीपनं त्याच दिवशी टाके घातले. दवाखान्यातल्या राजपालनं वेसण धरली, जागेवर भूल दिली आणि काम सुरू झालं. पण बैलाची मान म्हणजे काय शेळीचं कातडं आहे? जाड, ओली, रक्तानं बुळबुळीत. बिनदातांचा चिमटा निसटायचा. निसटला की अमरदीप जरा जास्त दाबायचा, पुन्हा निसटायचा, पुन्हा दाबायचा. शेवऱ्या शांत उभा होता, म्हणून त्याला वाटलं, छान चाललंय. भूल दिलेली जागा तक्रार करत नसते, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आठवडा उलटला आणि अंकुशराव दवाखान्यात आले. टाके फाटले होते, जखम उघडली होती. पण अंकुशराव त्याच्यावर चिडलेच नाहीत.

"डॉक्टर, तुमचा काय दोष न्हाई," ते म्हणाले. "आमच्या हिनंच घोळ घातला. मला न विचारता टाक्यावर तेलात कालवून हळद लावली. म्हनली, लवकर भरंल. भरलं बगा!"

"अण्णा, जरा बघू द्या तरी."

"बघा की. पर रेवणसिद्धप्पाला निरोप धाडलाय म्या. येत्या बाजारी बैल बघाय येनार हाय." रेवणसिद्धप्पा म्हणजे जनावरांचा व्यापारी. अंकुशरावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, पण पुसायला घाम आलेला नव्हता.

अमरदीप त्यांच्या गोठ्यात गेला. जखमेला घाण वास नव्हता, पू नव्हता. नुसत्या कडा वाळून काळ्या पडल्या होत्या आणि तो काळेपणा सलग नव्हता. प्रत्येक टाक्याजवळ एक पट्टा, मग जरा बरी जागा, पुन्हा पट्टा. हळदीनं कातडं असं मापून काळं पडत नाही. त्याला काय ते कळलं, आणि कळलेलं नको होतं म्हणून तो म्हणाला, "बघू काय करता येतंय." नागूबाई वैरणीच्या गंजीपाशी उभी होती. तिनं बैलाकडंही बघितलं नाही.

घरी येऊन त्यानं फळीवरची केळी घेतली. दोन केळांच्या सालींवर चिरा दिल्या आणि त्या सुई-दोऱ्यानं शिवल्या. एक बिनदातांच्या चिमट्यानं धरून, दुसरी खालच्या ड्रॉवरमधून आणलेल्या दातांच्या चिमट्यानं. शोभाबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं बराच वेळ बघून घेतलं.

"केळाला टाके घालायलास?" ती म्हणाली. "कामून रं? त्या केळानं तुजं काय घोडं मारलं?"

"आई, सकाळपर्यंत हात लावू नकोस त्याला."

"साल तुजी, केळ माजं. सकाळी खानार बग म्या."

सकाळी दोन्ही केळी ताटलीत होती तशीच होती. बिनदातांच्या चिमट्याची साल टाक्याच्या दोन्ही अंगांनी काळी पडली होती, बोटभर रुंद पट्टे, हुबेहूब शेवऱ्याच्या मानेसारखे. दातांच्या चिमट्याच्या सालीवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक ठिपके होते आणि बाकी सगळी साल पिवळीधम्मक. दात चावतात, पण चिमूटभर जागेत, आणि चावले की सोडत नाहीत, म्हणून जोर लागत नाही. बिनदातांचा निसटतो, आणि निसटू नये म्हणून माणूस दाबतो, आणि दाबलेली कड आतल्या आत मरते. सरांनी सांगितलेलं वाक्य त्याला आज पहिल्यांदा समजलं. स्वतःच्या मनगटाला काय बरं वाटतं यावरून तो आजवर जनावराचं बरं ठरवत आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि रागही आला.

शोभाबाईनं केळ सोलून खायला घेतलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती चावायची थांबली.

"नागूबाई परवापासनं नीट जेवली न्हाई म्हनं," ती म्हणाली. "अंकुशराव तिच्याशी बोलत न्हाईत. तिच्या हातनं बैल गेला म्हनून पोराबाळादेकत बोलले."

अमरदीपनं ताटली बाजूला सारली. त्याला भीती होती आणि ती खोटी नव्हती. दुसऱ्या कुणा डॉक्टरकडून चूक झाली की गाव म्हणतं, डॉक्टर चुकला. त्याच्याकडून झाली तर गावाबाहेरच्या त्याच्या वस्तीचं नाव आधी घेतील. चांगलं काम करून करून त्यानं ते नाव मागं सारलं होतं. आणि इथं तर कुणी विचारतही नव्हतं. पुन्हा टाके घातले असते, बैल बरा झाला असता, हळदीच्या नावावर सगळं खपून गेलं असतं.

"आई, सांगितलं तर गाव काय म्हनंल?"

"म्हनू दे की. गाव काय आज म्हनायलंय?" शोभाबाईनं हात धुतले. "म्या त्या नागूबाईसंगं वीस वरसं खुरपलंय. जा."

तो गेला. अंकुशराव ओसरीवर बसले होते. नागूबाई आत चुलीपाशी. अमरदीप उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि मुद्दाम आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "अण्णा, हळदीनं काही झालेलं न्हाई. चूक माझी हाय. मी चिमटा चुकीचा घेतला, त्यानं कातडं चेंगरलं, म्हणून कडा मेल्या. काकूंनी काही केलं न्हाई."

अंकुशराव ओसरीवरून उठून उभे राहिले. डॉक्टर, साहेब, तुमी, सगळं गळून पडलं.

"तू शिकला कशाला मग रं?" ते म्हणाले.

"व्हय, अण्णा."

"व्हय काय? व्हय काय म्हनतूस?"

"कडा तासून ताज्या करतो आणि पुन्हा शिवतो. मानेचं कातडं सैल असतंय, पुरंल. एकदा शिवू द्या. न्हाई मिळाली जखम तर रेवणसिद्धप्पाला मीच बोलावून आनतो."

आत भांड्याचा आवाज थांबला होता. अंकुशरावांनी एकदा दाराकडं बघितलं, मग खाली बघितलं. "शिव," ते म्हणाले.

त्या दिवशी मनगटावर काहीच लावून बघितलं गेलं नाही. राजपालनं नेहमीप्रमाणं ट्रेमध्ये बिनदातांचा चिमटा ठेवला तर अमरदीपनं तो बाजूला काढला. "हा आतड्यासाठी," तो म्हणाला. "तिथं दात लावला तर भोक पडंल." जाडजूड पकडीचा, ओळीनं दात असलेला एक चिमटा त्यानं फक्त मेलेली कड धरायला घेतला, कारण ती कापूनच टाकायची होती, जे टाकायचं ते चेंगरलं तरी चालतं. कापत कापत गेला तो ताजं रक्त दिसेपर्यंत. मग दातांचा चिमटा. कड वरून न चिमटता खालच्या बाजूनं हलकेच उचलायची, सुई घालायची, सोडायची. बोटांना जोर द्यावाच लागत नव्हता. शेवऱ्याची कातडी त्या बारीक दातांवर आपणहून टेकल्यासारखी राहत होती. अमरदीपला इतकं बरं वाटलं की राजपाल म्हणाला, "साहेब, हसायलाव कामून?"

जखम मिळाली. टाके काढले तेव्हा मानेवर दोऱ्याएवढी रेघ होती. रेवणसिद्धप्पा बाजारी येऊन, बैल न बघताच, चहा पिऊन गेला. गावानं जे म्हणायचं ते म्हणून घेतलं, काहींनी वस्तीचं नावही घेतलं, आणि मग पेरण्या लागल्या. पण खरी परीक्षा जू ठेवल्यावर होती. दिसायला जखम भरते, पण बैलाच्या मनातून जात नाही, असंही होतं.

आषाढात सोयाबीन वीतभर झालं तेव्हा अंकुशरावांनी अमरदीपला रानात बोलावलं. निरोप एवढाच: आज जुंपायलोय, ये. तो बांधावर जाऊन उभा राहिला. नागूबाई भाकरी घेऊन आली होती, ती त्याच्या शेजारी थांबली. जोडीचा बैल आधी जुवाखाली गेला. मग अंकुशरावांनी जुवाची दुसरी बाजू उचलून धरली आणि नुसतं "हं" म्हटलं.

शेवऱ्या थांबला. त्यानं जुवाचा वास घेतला, कान हलवले. अंकुशरावांनी जू तसंच वर धरून ठेवलं. मग बैलानं मान खाली घातली, आपणहून जुवाखाली सरकवली आणि उभा राहिला. अंकुशरावांनी जुवात शिवळेची खुंटी घातली, गळ्याखालून जुपणीचा पट्टा बांधला, कोळपं रोवलं. जोडी चालू लागली. बांधापर्यंत गेली, वळली, परत आली. शेवऱ्यानं एकदाही मान झटकली नाही.

"डॉक्टर!" अंकुशराव तिथूनच ओरडले. "बगतोस काय लेका, चालतोय की!"

अमरदीपनं हसून हात वर केला. नागूबाई अजून बैलाकडंच बघत होती. भाकरीचं गाठोडं तिनं छातीशी धरलं होतं.

"बैलाचं बरं झालं, बाबा," ती हळूच म्हणाली. "पर तू त्या दिशी आलास न्हवं का, ते म्या इसरनार न्हाई. एवढं वय झालं माजं. नागूबाई चुकली न्हाई, असं सांगाय माज्या दारात कुनी आलं नव्हतं."