कंपनीच्या ओट्यावरची बाज

साराबाई मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. नगरात माळवदाची एक खोली आणि चुलीपुरती पडवी, एवढ्यात त्या आणि त्यांच्या सासूबाई बायडाबाई राहायच्या. घरमालक मुंबईला. घरं भाड्यानं देऊन ती सांभाळायला त्यांनी पेठेतली एक कंपनी नेमलेली. कंपनीची पाटी भली मोठी, काम मात्र पाटी पुसण्यापुरतं.

लढाईचे दिवस होते. बायडाबाईंच्या बाजेच्या वरची माळवदाची तुळई वाळवीनं पोखरली आणि मधोमध वाकली. म्हातारीचे पाय गेलेले. तुळई खाली आली तर उठून पळायचीही सोय नाही. साराबाईंनी बाभळीचं खोड आणून टेकू दिला आणि कंपनीची पायरी चढल्या.

कारकून यज्ञेश्वरपंत म्हणाले, "अर्ज द्या." दिला. "मालकांची मंजुरी यायचीय." थांबल्या. "लढाईत लाकूड कुठलं मिळतंय, बाई?" तिसऱ्या अर्जानंतर मुकादम आला. त्यानं टेकूवर काठी आपटली, "भक्कम हाय की!" म्हणाला आणि गेला. आठवड्यानं कागद आला: टेकू असल्यामुळे घर राहण्यास योग्य, दुरुस्तीची गरज नाही.

कागद ऐकून बायडाबाई हसल्या. "सारे, टेकू तू दिला आन् शाबासकी कंपनीला व्हय?"

साराबाई हसल्या नाहीत. चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा दर गुरुवारी पाळीपाळीनं एकेकीच्या घरी भरायची. हा गुरुवार त्यांचा होता. त्या तुळईखाली वीस बायका बसवायच्या कशा? अन् पाळी चुकवायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं.

गुरुवारी चार वाजता चौघींनी बाज उचलली, बायडाबाईंसकट, आणि कंपनीच्या ओट्यावर आणून ठेवली. मागोमाग सतरंजी, टाळ आणि बायका.

"अहो बाई, हे काय आरंभलंय? हे कार्यालय आहे!" पंत धावत आले.

"ठाऊक आहे. घर राहण्याजोगं नाही, म्हणून इथं आलो. बसा ना, पंत."

भजनं झाली. रस्त्यावर माणसं थबकली. मग साराबाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. कुणाला शाप नाही की टोमणा नाही. "प्रभू, यज्ञेश्वरपंतांच्या घरचं छप्पर सुखरूप ठेव. त्यांच्या आईला त्याखाली शांत झोप दे." पंतांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांचीही आई अंथरुणाला खिळलेली होती. साराबाईंना ते माहीत नव्हतं.

सभा उठली, बायका पांगल्या. बाज तिथंच.

"आता ही न्या की हो," पंत काकुळतीला आले. "मला कुलूप लावायचंय."

"लावा. आम्ही बाहेर बसतो. तुळई बदलल्याखेरीज मी आईंना त्या खोलीत नेणार नाही."

बायडाबाईंनी वर बघितलं. "पंत, तुमचं माळवद लई झ्याक हाय. मला हितंच बरं वाटतं."

पंतांनी कुलूप लावलं, चार पावलं गेले आणि परत आले. "चला, दाखवा तुमची तुळई."

खोलीत जाऊन त्यांनी तुळईत बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं, भुसा टोपीवर सांडला. ते तिथूनच मुकादमाच्या घरी गेले.

ती रात्र सासूसुनांनी ओट्यावरच काढली. सकाळी सुतार सागाची तुळई घेऊन आला. मंजुरीचं काय झालं, हे साराबाईंनी विचारलं नाही. सुतारानं ती बसवल्यावर त्यांनी दाभण घेऊन नव्या तुळईला चार ठिकाणी टोचून पाहिलं. दाभण कुठंच शिरलं नाही, तेव्हाच त्या ओट्यावरून बायडाबाईंची बाज आणायला निघाल्या.