भागोजींच्या कोड्याचा जोडीदार

३१ मे २०२३ रोजी बुधवार होता. हे कोणत्याही दिनदर्शिकेत पडताळता येते. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातले शब्दकोडे खेडच्या भागोजींनी ट्रंकेत जपून ठेवले आहे. पुढचे बहुतेक सारे त्यांच्या आठवणीवर उभे आहे.

भागोजी खेडजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्टोअर सांभाळत. कायम पहिली पाळी. सकाळी कंपनीच्या बसमध्ये कोडे उघडत. सामान्यज्ञानात ते पक्के. खेडची जगबुडी कोणत्या नदीला मिळते, असे विचारले की पेन अडखळत नसे. साहित्य आले की मात्र घोडे अडे. २००९ साली ‘उलटे वाचले तरी पाहतात, तीन अक्षरे’ इथे हात टेकून त्यांनी पेपर पुढच्या सीटच्या जाळीत खोचला आणि ते उतरले. दुपारी परतताना त्या चौकोनांत शिसपेन्सिलीने लिहिलेले होते : नयन.

मधल्या वेळात त्याच बसने रात्रपाळी घरी जाई, दुसरी पाळी कामावर येई. त्यांतलेच कोणीतरी असावे. तेव्हापासून भागोजी साहित्याचे चौकोन मुद्दाम रिकामे ठेवू लागले. दुपारपर्यंत ते भरलेले असत. चौकोनांबाहेर दोघांनीही कधी अक्षर लिहिले नाही.

“चौदा वर्षं लिहिणं चाललंय आणि नाव ठाऊक नाही!” पत्नी कमळा टोमणा मारी. “बाई असली तर?”

“असू दे. नवरस तोंडपाठ आहेत तिला.”

“मग माझ्या आमटीचा रस कोण ओळखणार?”

मे महिना संपत आला तशी भागोजींची चुळबुळ वाढली. महिनाअखेरीस निवृत्ती होती; त्यानंतर बस नाही, म्हणजे कळण्याची वाटही नाही. त्यांनी ड्रायव्हरला गाठले.

“हरिश्चंद्रा, खरं सांग, माझ्या पेपराला हात कोण लावतो?”

“काका, नाव हरिश्चंद्र म्हणून सगळं मलाच ठाऊक? मी रस्ता बघू की तुमची जाळी?”

शेवटच्या सकाळी भागोजींनी चौदा वर्षांचा दंडक मोडला. कोड्याशेजारच्या कोऱ्या समासात लिहिले : ‘आज माझी शेवटची पाळी. आपण कोण?’

दुपारी जाळीत पेपर होता. साहित्याचे सारे चौकोन नेहमीच्या पेन्सिलीने भरलेले. समास मात्र नव्हता. घडी घालून, नखाने दाबून, प्रश्नासकट ती पट्टी सरळ फाडून नेलेली होती. ट्रंकेतल्या कात्रणाची उजवी कड आजही तशीच दिसते.

पट्टी कोणी नेली, हे माहीत नाही. ती जपली की फेकली, हेही माहीत नाही.